मोठ्या डिस्ककडे स्थलांतर : दप्तर-जतनाचा एक पाठ

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे कितीतरी लेखन दीर्घकाळ अप्रकाशित राहिले. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड 1979 साली निघाला. कागद टिकले, म्हणूनच ते लेखन आपल्या हाती आले. शाळेच्या दप्तराचेही तसेच आहे. जनरल रजिस्टरातील एक ओळ आजोबांची जात, जन्मतारीख व गाव सांगते. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. तरी पडताळणीत मूळ जातीचा पुरावा द्यावाच लागतो आणि 10 ऑगस्ट 1950 पूर्वीची शालेय नोंद तेथे मोठा आधार ठरते. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीसाठी वर्षातले कित्येक महिने घर सोडणाऱ्या कुटुंबाकडे जुना कागद टिकणे कठीण. त्यांचा पुरावा शाळाच सांभाळते.

ही रजिस्टरे स्कॅन करून संगणकात ठेवली, की काही वर्षांत डिस्क भरते. मग मोठ्या डिस्कवर कसे जावे? येथे आम्ही झेडएफएस या फाइल-प्रणालीचे उदाहरण घेतो. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने ती घडवली व 2005 साली खुली केली. तीत एक वा अनेक डिस्क मिळून साठवणीचा ‘पूल’ होतो. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याची ‘चेकसम’ ही गणिती खूण वेगळी नोंदलेली असते; वाचताना खूण जुळली नाही, तर बिघाड उघड होतो.

स्थलांतराच्या पायऱ्या अशा :

1. प्रथम ‘स्क्रब’ आज्ञेने जुनी डिस्क पूर्ण तपासावी. सदोष मजकूर पुढे नेण्यात अर्थ नाही.

2. नवी डिस्क ‘अटॅच’ आज्ञेने जुनीस जोडावी. दोन्हींचा ‘मिरर’ होतो, म्हणजे दोहोंवर तोच मजकूर राहतो. येथे ‘अ‍ॅड’ आज्ञा देऊ नये. तिने प्रत होत नाही, नुसता विस्तार होतो. पुढे एक डिस्क बिघडली तरी सारा पूल जातो.

3. मजकूर नव्या डिस्कवर उतरण्याच्या क्रियेस ‘रिसिल्व्हर’ म्हणतात. ती संपल्यावर ‘स्टेटस’ पाहावे, त्रुटी शून्य असल्याची खात्री करावी व पुन्हा स्क्रब करावे.

4. मगच ‘स्प्लिट’ आज्ञेत जुन्या डिस्कचे नाव देऊन ती वेगळी करावी. ती स्वतंत्र पूल म्हणून वाचता येते. ‘डिटॅच’ केल्यास ही सोय राहत नाही.

5. शेवटी ‘ऑटोएक्स्पांड’ सुरू करून नव्या डिस्कसाठी विस्ताराची आज्ञा द्यावी. नाहीतर 4 टेराबाइटची डिस्क लावूनही जुनी 1 टेराबाइटचीच जागा दिसत राहते.

संगणक ज्या डिस्कवरून सुरू होतो, ती बदलायची असेल तर बूटची व्यवस्था वेगळी करावी लागते.

इतिहासाच्या अभ्यासात नक्कल अस्सलाशी ताडून पाहिल्याशिवाय ग्राह्य धरत नाहीत. येथेही नियम तोच : पडताळणी आधी, जुन्याचा निरोप नंतर. मिरर म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे; एकीवरून पुसलेले दुसरीवरूनही पुसले जाते. म्हणून वेगळी केलेली डिस्क दुसऱ्या इमारतीत, कुलपात ठेवावी. तीत मुलांची खासगी माहिती असते. मूळ रजिस्टरे तर कधीच टाकू नयेत.

संगणक क्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस आपल्या शाळेच्या दप्तराच्या तपासणीस द्यावा, ही आमची विनंती. कुणाच्या तरी नातवाचा प्रवेश त्या एका ओळीवर अवलंबून असेल.