गेटवे घेण्याआधी काय तपासावे?

प्रश्न : आमच्या वितरण कंपनीचे ईआरपी, मोबाइल अ‍ॅप आणि पुरवठादारांच्या प्रणाली सुरक्षितपणे जोडायच्या आहेत. कोणता एपीआय गेटवे घ्यावा?

उत्तर : काँग, अपिजी, डब्ल्यूएसओटू यांची तुलना करण्याआधी कोणती प्रणाली कोणाला कोणती माहिती देते, हे कागदावर मांडा. पुरवठादारांसाठी ओऑथ २.० आणि दोन्ही बाजूंची प्रमाणपत्रे तपासणारे एमटीएलएस हवेच. नुसत्या एपीआय-कीवर विसंबू नका. ती ईमेलमधून कुठेही पोहोचते.

एक धोका मात्र गेटवे एकटा अडवू शकत नाही. ओळख पटलेल्या पुरवठादाराने विनंतीतला ऑर्डर क्रमांक बदलला आणि त्याला दुसऱ्याचे बिल दिसले तर? ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षा संस्थेच्या २०२३च्या एपीआय सुरक्षा यादीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर आहे. कोणती नोंद कोणाची, हे अ‍ॅप्लिकेशनलाच ठाऊक असते, म्हणून ही तपासणी तिथेच लिहून घ्या.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपावे लागतात, सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. ज्यातून लॉग सहज बाहेर काढता येत नाहीत, तो गेटवे मी नाकारेन. करारापूर्वी चाचणीत गेटवेचा एक नोड मुद्दाम बंद करून काम सुरू राहते का ते पाहा. आणि गेटवे सांभाळणारा अनुभवी माणूस तुमच्याकडे नसेल, तर व्यवस्थापित क्लाउड सेवाच घ्या.