होडीचे अवयव आणि त्यांची नावे

शिडाच्या होडीत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या माणसाला पाण्याइतकीच शब्दांचीही धास्ती वाटते. आपण ज्याला दोर म्हणतो त्याला तेथे शीट म्हणतात. डावे-उजवे न म्हणता पोर्ट आणि स्टारबोर्ड म्हणतात. हा शब्दप्रपंच कशासाठी, असा प्रश्न त्याच्या मनात आला तर नवल नाही. याचे उत्तर साधे आहे. वाऱ्याचा एक जोरदार झोत लहान होडी काही क्षणांत उलटवू शकतो. त्या क्षणी 'तो दोर सोड' एवढे सांगून भागत नाही, कारण होडीत दोर अनेक असतात. प्रत्येक वस्तूला एकच नाव आणि प्रत्येक नावाला एकच अर्थ असावा, हा नियम या गरजेतून जन्मला आहे.

हे शब्द समजून घेण्यासाठी एक प्रत्यक्ष होडी डोळ्यांपुढे ठेवणे बरे. ऑप्टिमिस्ट ही होडी त्यासाठी अतिशय सोयीची आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या क्लिअरवॉटर या गावी क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली मुलांसाठी तिचा आराखडा तयार केला. तिची लांबी सुमारे २.३ मीटर, रुंदी सुमारे १.१ मीटर आणि सांगाड्याचे वजन सुमारे ३५ किलोग्रॅम असते. एक मूल, एक शीड आणि एक सुकाणू एवढाच तिचा संसार. आपल्याकडे मुंबईच्या बंदरात, हैदराबादच्या हुसेनसागरात आणि भोपाळच्या मोठ्या तलावात मुले याच होडीत नौकानयनाचे पहिले धडे घेतात.

प्रथम दिशा पाहू. होडीच्या पुढच्या टोकाला इंग्रजीत बो आणि कोकणात नाळ म्हणतात. मागच्या टोकाला स्टर्न किंवा पिछाडी म्हणतात. नाळेकडे तोंड करून उभे राहिल्यास उजवीकडची बाजू स्टारबोर्ड आणि डावीकडची पोर्ट होय. 'डावे' आणि 'उजवे' हे शब्द बोलणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून असतात. तो वळला की त्याची डावी-उजवीही बदलते. पोर्ट आणि स्टारबोर्ड मात्र होडीच्या अंगाला जडलेल्या बाजू आहेत. प्राचीन काळी उत्तर युरोपात सुकाणूचे वल्हे होडीच्या उजव्या अंगाला बांधलेले असे. त्यामुळे ती बाजू सुकाणूची, म्हणजे स्टारबोर्ड, ठरली. डाव्या बाजूला पूर्वी लार्बोर्ड असे नाव होते. वादळाच्या गोंगाटात स्टारबोर्ड आणि लार्बोर्ड हे उच्चार सारखेच ऐकू येत. म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली लार्बोर्ड हा शब्द टाकून पोर्ट हा शब्द रूढ केला. रात्री पोर्ट बाजूला लाल आणि स्टारबोर्ड बाजूला हिरवा दिवा लावतात.

आता होडीचा देह पाहू. पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ सांगाड्याला हल म्हणतात. मोठ्या लाकडी होडीच्या तळाशी नाळेपासून पिछाडीपर्यंत एक जाड लाकडी कणा असतो. इंग्रजीत तो कील, तर कोकणातील कारागिरांच्या भाषेत पठाण. ऑप्टिमिस्टचा तळ सपाट असल्यामुळे तिला असा कणा नसतो. त्याऐवजी मध्यभागी एका उभ्या फटीतून खाली-वर सरकवता येणारी फळी असते. तिला डॅगरबोर्ड म्हणतात. वारा बाजूने आला की होडी आडवी ढकलली जाऊ पाहते. पाण्यात उतरवलेली ही फळी त्या सरकण्याला अडथळा करते आणि शिडातला जोर पुढे जाण्याच्या कामी येतो. पाण्याच्या पृष्ठभागापासून होडीच्या काठापर्यंतची उंची म्हणजे फ्रीबोर्ड, आणि पृष्ठभागाखाली होडीचा जेवढा भाग बुडालेला असतो त्याची खोली म्हणजे ड्राफ्ट. फ्रीबोर्ड कमी असेल तर लाट आत येते; ड्राफ्ट ठाऊक नसेल तर उथळ पाण्यात होडी रुतते.

सांगाड्यावर उभी असते ती डोलकाठी. तिच्या तळाजवळून मागे जाणारी आणि शिडाची खालची कड ताणून धरणारी आडवी काठी म्हणजे बूम. ऑप्टिमिस्टचे शीड चौकोनी, सुमारे ३.३ चौरस मीटरचे असते. त्याचा वरचा मागील कोपरा एका तिरक्या काठीने उचलून धरलेला असतो; तिला स्प्रिट म्हणतात. शीड चढवण्या-उतरवण्याचा दोर तो हॅलयार्ड, आणि शीड आत ओढण्याचा किंवा बाहेर सोडण्याचा दोर ती शीट. शीट म्हणजे कापड नव्हे, दोर, हे नवशिक्याने पहिल्या दिवशीच पक्के करावे. झोत आला आणि होडी कलू लागली की शीट सैल सोडावी. शिडातला वारा निघून जातो आणि होडी सावरते. म्हणूनच लहान होडीत शीट कोठेही गाठ मारून ठेवत नाहीत, ती हातातच धरतात.

पिछाडीला टांगलेले ते सुकाणू. हा मराठी शब्द अरबीतील 'सुक्कान'पासून आला आहे; अरबी समुद्रावरील जुन्या दळणवळणाची ती एक खूण आहे. सुकाणू फिरवण्याच्या दांड्याला टिलर म्हणतात. होडी पुढे जात असताना टिलर उजवीकडे ढकलला की नाळ डावीकडे वळते. होडी थांबलेली असेल तर सुकाणूचा उपयोग होत नाही, कारण त्याच्यावरून पाणी वाहत नसते. टिलरच्या या उलट्या चालीमुळे मोठ्या जहाजांवरही दीर्घकाळ घोटाळा होता. 'स्टारबोर्ड' अशी आज्ञा झाली की टिलर स्टारबोर्डकडे न्यावयाचा, म्हणजेच जहाज पोर्टकडे वळवावयाचे, असा संकेत होता. १९१२ साली हिमनग दिसताच टायटॅनिकवर दिलेली स्टारबोर्डची आज्ञा जहाज पोर्टकडे वळवण्यासाठीच होती. ब्रिटिश जहाजांवर १९३३ पासून हा संकेत बदलला. तेव्हापासून आज्ञेतली दिशा ही जहाजाच्या वळण्याचीच दिशा मानली जाते.

शेवटी वाऱ्याच्या संबंधातले शब्द. वारा ज्या बाजूने येतो ती विंडवर्ड, ज्या बाजूला जातो ती लीवर्ड. शिडाची होडी थेट वाऱ्यावर चालून जाऊ शकत नाही. तिला नागमोडी जावे लागते. नाळ वाऱ्यातून फिरवून वळणे म्हणजे टॅक, पिछाडी वाऱ्यातून फिरवून वळणे म्हणजे जाइब. जाइबच्या वेळी बूम एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर झपाट्याने येते; म्हणून आधी मोठ्याने सूचना देऊन सर्वांनी डोके खाली घ्यावयाचे असते. वारा स्टारबोर्ड बाजूने येत असेल तर होडी स्टारबोर्ड टॅकवर आहे असे म्हणतात. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शिडाच्या दोन होड्या समोरासमोर आल्या आणि त्यांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल, तर पोर्ट टॅकवरील होडीने वाट द्यावयाची असते. ज्याला हे शब्द येत नाहीत त्याला आपण वाट द्यावयाची की नाही हेही कळणार नाही.

एवढी काळजी घेऊनही होडी कधीतरी उलटतेच. अशा वेळी किनारा जवळ दिसला तरी होडी सोडून पोहत जाऊ नये. ऑप्टिमिस्टमध्ये हवेच्या पिशव्या बसवलेल्या असतात, त्यामुळे ती बुडत नाही. पाण्यातल्या एकट्या डोक्यापेक्षा उलटलेली होडी शोधणाऱ्यालाही लवकर दिसते. डॅगरबोर्डवर भार देऊन ती सरळ करावी आणि बांधून ठेवलेल्या भांड्याने पाणी उपसावे. तरंगजाकीट मात्र किनाऱ्यावरच अंगात घातलेले असले पाहिजे.

हे शब्द केवळ पाठ करून येत नाहीत. होडी वाळूवर असतानाच प्रत्येक भागाला हात लावावा, त्याचे नाव मोठ्याने म्हणावे आणि त्याचे काम सांगावे. मग डोळे मिटून, सोबत्याने उच्चारलेल्या नावाची वस्तू हाताने शोधावी. जेव्हा हात चुकेनासा होईल, तेव्हा होडी पाण्यात लोटावयास हरकत नाही.