जुनी मोटार : निगा आणि फेरबदल

जुनी वस्तु जतन करणें आणि तिच्यांत सुधारणा करणें या दोन गोष्टी वरवर पाहतां परस्परविरुद्ध भासतात. जतन करणारा म्हणतो, ती जशी होती तशीच राहूं द्यावी. सुधारणा करणारा म्हणतो, ती आजच्या उपयोगास यावी. जुनी स्पोर्ट्‌स मोटार बाळगून तिची दुरुस्ती स्वतःच्या हातानें करण्याच्या छंदांत हा वाद फार स्पष्ट दिसून येतो. त्या छंदाचें थोडेसें दिग्दर्शन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल इंग्लंडांतील एम्. जी. बी. ही दोन माणसांची लहानशी उघडी गाडी घेऊं.

ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन गांवच्या कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत असे. बंद छपराची जी. टी. ही जात जमेस धरतां पांच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. हिचें एंजिन चार सिलिंडरांचें, १७९८ घन सेंटिमीटर मापाचें, आणि आरंभीं सुमारें ९५ अश्वशक्तीचें होतें. रचना इतकी सरळ कीं, साध्या पान्यांनीं बहुतेक भाग खोलतां येतात. शिवाय सुटे भाग अद्यापि नवे मिळतात. १९८८ पासून तर मूळच्या साच्यांवरून संपूर्ण नवे सांगाडेही घडविले जाऊं लागले. हौशी मनुष्यास याहून चांगली पाठशाळा कोणती मिळणार ?

अशा गाडीचा पहिला शत्रु गंज होय. या मोटारीस निराळी चौकट नाहीं; पत्र्याचा सांगाडाच सर्व भार वाहतो. त्यांतून छप्पर नसल्यामुळें दारांखालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्या, ज्यांस सिल म्हणतात, त्याच गाडीचा कणा ठरतात. चाकांनीं उडविलेला चिखल त्यांच्या टोकांशीं सांचतो, ओल टिकते, आणि गंज आंतून बाहेर येतो. वरचा रंग आरशासारखा चकाकत असतां आंत पत्र्याची चाळण झालेली असूं शकते. यावर एक सोपी परीक्षा आहे. गाडीची एक बाजू जॅकनें उचलावी व दार उघडून मिटून पाहावें. दाराच्या कडेची फट आक्रसली किंवा दार अडूं लागलें, तर कणा वांकतो आहे असें समजावें. नवी पेटी जोडतांनाही एका वेळीं एकच बाजू कापावी, आणि सांगाड्यास खालून भक्कम आधार देऊन दाराच्या मोकळ्या जागेंत आडवी पट्टी घट्ट बसवावी. एरवीं सांगाडा वांकड्याच स्थितींत कायमचा जोडला जातो. कोणतेंही काम असो, केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कधींही शिरूं नये. पक्क्या तिवयांवर ती टेकवूनच खालीं जावें.

दुसरें लक्ष ब्रेककडे. ब्रेकच्या नळ्यांतील द्रव हवेंतील ओल शोषून घेतो. डॉट ४ या जातीचा ताजा द्रव निदान २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळतां कामा नये असा नियम आहे. परंतु ओल शोषलेल्या द्रवासाठीं ही मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर वारंवार ब्रेक दाबल्यानें उष्णता वाढते, जुना द्रव उकळतो व त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाहीं, वाफ मात्र दबते. त्यामुळें पाय तळाला टेकतो आणि गाडी थांबत नाहीं. म्हणून गाडी फारशी चालली नसली तरी दर दोन वर्षांनीं हा द्रव बदलणें इष्ट आहे.

बाकीची निगा नियमिततेची आहे. पुढील चाकें ज्या खुंट्यांवर वळतात त्यांस दर ३००० मैलांस ग्रीज द्यावें. प्रज्वलनाच्या ठिणगीसाठीं उघडझाप करणाऱ्या टोकांतील अंतर इंचाचे १४ ते १६ हजारांश असावें. कार्ब्युरेटरच्या वरच्या नळींत पातळ तेल आहे कीं नाहीं तें पाहावें. हीं कामें क्षुल्लक दिसतात. परंतु यांवांचून गाडी मंद झाली म्हणजे मालकास वाटतें कीं एंजिनच अधिक जोराचें पाहिजे!

आतां फेरबदलांचा विचार करूं. कांहीं फेरबदल काळच करावयास लावतो. पूर्वीं पेट्रोलांत शिशाचें मिश्रण असे व त्यामुळें व्हॉल्वच्या बैठकींचें रक्षण होई. ब्रिटनमध्यें २००० सालापासून असें पेट्रोल सर्वसाधारण विक्रींतून गेलें. तेव्हां बिडाच्या मऊ बैठकी झिजूं नयेत म्हणून तेथें कठीण धातूचीं कडीं बसविणें रूढ झालें. ठिणगीच्या टोकांऐवजीं इलेक्ट्रॉनिक साधन बसविणें हाही असाच उपयुक्त बदल होय. मात्र १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे, नंतरच्या गाड्यांत ऋण टोक. हें न पाहतां साधन जोडल्यास तें क्षणांत जळून जातें.

शक्ति वाढविण्याच्या बदलांत अधिक सावधगिरी पाहिजे. कारण एका भागास बळ दिलें कीं दुसऱ्यावर ताण येतो. याचा धडा खुद्द कारखान्यानेंच घालून दिला आहे. १९७३ ते १९७६ या काळांत त्यानें बंद छपराच्या २५९१ गाड्यांत ३५२८ घन सेंटिमीटरचें आठ सिलिंडरांचें, १३७ अश्वशक्तीचें एंजिन घातलें. तें अल्युमिनियमचें असल्यामुळें पुढील वजन फारसें वाढलें नाहीं. तरीही ब्रेकच्या तबकड्या जाड केल्या, चाकें अधिक मजबूत केलीं, मागील दात्यांचें प्रमाण बदललें. उलट उदाहरणही आहे. अमेरिकेच्या नियमांसाठीं १९७४ सालीं गाडीची उंची वाढविण्यांत आली. परंतु तीस अनुरूप अशी इतर योजना न झाल्यानें वळणावर ती अधिक कलूं लागली. १९७६ सालीं कल आवरणारे पोलादी दांडे पुढें व मागें बसवून तो दोष कमी करावा लागला.

यावरून आम्हांस तीन नियम सुचतात. पहिला, निगा आधीं आणि बदल नंतर. कुजलेल्या सांगाड्यांत बलवान एंजिन घालणें म्हणजे खचलेल्या पायावर मजला चढविणें होय. दुसरा, वेग वाढविण्यापूर्वीं थांबण्याची सोय वाढवावी. तिसरा, शक्य तोंवर बदल असा करावा कीं तो परत फिरवितां येईल. मूळ पत्रा कापूं नये, काढलेला भाग नांवाची चिठ्ठी बांधून ठेवावा, आणि केलेलें काम तारीख व मैल घालून वहींत लिहावें. अशी गाडी एका मालकाच्या आयुष्याहून अधिक टिकूं शकते. पुढील मनुष्यास आपलें मत मान्य नसेल, तर मूळ रूप परत आणण्याची वाट त्याच्यासाठीं मोकळी राहिली पाहिजे.

येथें आरंभींचा वाद मिटतो. विद्यार्थिमित्रांजवळ मोटार नसेल. सायकल, शिवणयंत्र किंवा विहिरीवरचा पंप तरी घरोघरीं असतो. त्यांपैकीं एखाद्यास हात घालण्यापूर्वीं तो भाग मूळ तसा कां केला आहे, हें ज्यानें समजून घेतलें, त्यालाच तो बदलण्याचा अधिकार येतो, असें आम्हांस वाटतें.