आवाज बिघडला की टक्कर झाली?

माझे बाबा इचलकरंजीत मागावर काम करतात. सुट्टीच्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन जातो. तिथे फार खडखडाट असतो. एकदा मी सांगितले, "आईनं पाचला बोलावलंय." बाबांना सात ऐकू आले. दुसऱ्या वेळी मी आणि ताई एकदम ओरडलो. तेव्हा बाबांना काहीच कळले नाही. ते म्हणाले, "एकेकानं बोला की रं!"

गुरुजी म्हणाले, बिनतारी यंत्रांचेही असेच होते. पाऊस आणि नदीचे पाणी मोजणारी यंत्रे असतात. ती आकडे बिनतारी पाठवतात. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी ४३ फूट आहे. समजा, यंत्राने ४३ पाठवले आणि वाटेत ४१ झाले, तर? म्हणून निरोपाच्या शेवटी ताळा जोडतात. ४ आणि ३ मिळून ७. ताळा जुळला नाही की चूक झाली हे कळते. पण ती कशाने झाली, हे ताळा सांगत नाही.

मग आम्ही वर्गात प्रयोग केला.

१) एका मुलाने लांबून, हळू आवाजात दहा आकडे वाचले. माझे दोन चुकले, तिसरा आणि आठवा. हा झाला बिघाड. आवाज क्षीण आणि चुका विखुरलेल्या.

२) मग तो जवळून मोठ्याने वाचू लागला. पाचव्या आकड्याला एक मुलगीही वाचू लागली. माझे पहिले चार बरोबर आले, पुढे सगळी गिचमिड! ही झाली टक्कर. आवाज मोठा, तरी चुका एकाच जागी गोळा झालेल्या.

दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. बिघाड असेल तर जोरात बोलावे किंवा जवळ यावे. टक्कर असेल तर ओरडून उपयोग नाही, थांबावे लागते. पण दोघे सारखेच थांबले तर पुन्हा टक्कर! म्हणून प्रत्येकाने कमीजास्त वेळ थांबायचे. हवाई बेटांवर १९७१ साली 'अलोहा' नावाचे बिनतारी जाळे सुरू झाले, त्यात असेच करत. लहान यंत्रे सेलवर चालतात. उपाय चुकला तर सेल फुकट संपतो आणि निरोपही पोचत नाही.

२०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले होते. आजी सांगते, तेव्हा जो तो एकच विचारत होता, "पाणी किती फुटांवर आलं?" तो आकडा बरोबरच पोचला पाहिजे.

तर मित्रांनो, वर्गातही एकेकाने बोलू या. गुरुजींना टक्कर आवडत नाही!

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी