एका कार्डाने एवढे काय बिघडते?

प्रश्न : माझा भाचा मोबाइलवर पत्त्यांचा कसलासा खेळ खेळतो. ‘नवीन कार्ड आलंय, आता अख्खा डेक बदलावा लागणार,’ असे दर काही महिन्यांनी जाहीर करतो. शेकडो कार्डांत एकाची भर पडली तर एवढे काय बिघडते? की कंपनी मुद्दाम जास्त ताकदीची कार्डे काढून पोरांचे खिसे रिकामे करते? – एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याची बाजू घेतो, पण पूर्ण नाही.

आपली पत्त्यांची समजूत रमीवरून झालेली असते. तिथे पत्ते ठरलेले आणि कॅट सगळ्यांचा सामाईक. भाच्याच्या खेळात ज्याने त्याने आपला कॅट, म्हणजे डेक, आधीच बांधून आणायचा असतो. समोरचा काय घेऊन येईल याचा अंदाज करून आपण काय न्यायचे, हे ठरवण्यातच निम्मा खेळ होऊन जातो. नवीन कार्ड धक्का देते ते या अंदाजालाच.

उदाहरणाला ब्लिझार्ड कंपनीचा हार्थस्टोन घेऊ. हा २०१४ सालचा खेळ. डेक ३० कार्डांचा, खेळाडूचे प्राणही ३०. कार्ड टाकायला मॅना खर्च होतो. पहिल्या पाळीला एक, दुसरीला दोन, असा तो दहापर्यंत वाढतो. डिसेंबर २०१६ मध्ये त्यात ‘पॅचेस द पायरेट’ आला. किंमत एक मॅना, मारा एक, प्राण एक. नुसते आकडे पाहिले तर किरकोळ गडी. खरी गंमत खालच्या मजकुरात होती : तुम्ही पायरेट (चाचा) जातीचा दुसरा कुठलाही गडी टाकलात, की पॅचेस डेकमधून उठून फुकटात पटावर येतो. शिवाय अंगी ‘चार्ज’ असल्याने आल्या आल्या वार करतो.

आता ‘वॉरियर’ या वर्गाच्या खेळाडूची पहिली पाळी पाहा. हाती एकच मॅना. त्यात तो ‘एन्झॉथ्स फर्स्ट मेट’ हा पायरेट टाकतो. हा गडी येताना एक गंजका आकडा हत्यार म्हणून देतो. आकड्याचा वार एक. पायरेट पडला म्हणून पॅचेसही धावत येतो, त्याचा वार एक. समोरच्याने एकही कार्ड टाकलेले नसताना त्याचे प्राण २८ वर, आणि पटावर दोन गडी उभे. फर्स्ट मेट हे कार्ड काही महिने आधीपासून खेळात होते. त्याच्यावरचे एक अक्षरही बदलले नव्हते, तरी त्याचा भाव एका रात्रीत चढला. कार्डाची ताकद त्याच्यावरच्या आकड्यांत असते, हा गैरसमज इथेच सोडून द्यावा.

याला किंमतही होती. पॅचेस डेकऐवजी थेट हातात आला तर एक मॅना देऊन टाकायचा साधा गडी, एवढीच त्याची लायकी. पहिल्या तीन कार्डांत तो असण्याची शक्यता शंभरात दहा. पण सुरुवातीची नको असलेली कार्डे परत देता येत असल्याने तोही धोका बराचसा टळे. परिणामी ज्यांना पायरेटांशी काही देणेघेणे नव्हते असे ‘रोग’ आणि ‘शमन’ या वर्गांचे खेळाडूही एखादा स्वस्त पायरेट डेकमध्ये ठेवू लागले, केवळ पॅचेसला हाक मारायला.

हे कार्ड ज्यांच्याकडे नव्हते त्यांचे काय? त्यांनाही बदलावेच लागले. पॅचेस बाळगणाऱ्यांपेक्षा मला हीच मंडळी जास्त रंजक वाटतात. त्यांतल्या काहींचा आधार म्हणजे सहा मॅनाचा ‘रेनो जॅक्सन’. तो डेकमध्ये एकही कार्ड दुसऱ्यांदा नसेल तर खेळाडूचे प्राण पूर्ण भरून देई. त्यामुळे बरेच डाव ‘सहाव्या पाळीपर्यंत जगतो का’ एवढ्याच प्रश्नावर येऊन ठेपले. ना पुरेसे वेगवान, ना पुरेसे चिवट, अशा मधल्या डेकांची मात्र पंचाईत झाली.

मग एप्रिल २०१७ मध्ये उतारा आला. ‘गोलाक्का क्रॉलर’ हा दोन मॅनाचा खेकडा पटावरचा एक पायरेट गिळून स्वतः थोडा फुगतो. मारा दोन, प्राण तीन. समोर पायरेट नसला तरी दोन मॅनाला हे अंक वाईट नाहीत, म्हणून तो ठेवण्यात फारसे नुकसान नव्हते. आणि तो पॅचेससारखा दुर्मीळ ‘लेजंडरी’ दर्जाचाही नव्हता. भाच्याला सांगा, महागडे कार्ड मिळत नसेल तर त्याला खाणारे कोणते, ते आधी शोध.

राहिला खिशाचा प्रश्न. नवे संच वर्षातून साधारण तीनदा येतात आणि त्यांची पाकिटे विकून कंपनी कमावते, त्यात लपवण्यासारखे काही नाही. शिवाय मुख्य स्पर्धाप्रकारातून जुने संच दरवर्षी बाद होतात, म्हणजे नव्याची खरेदी अटळच. तुमची शंका इथवर रास्त आहे. पण प्रत्येक नवे कार्ड आधीच्याहून बलवान असते, हे खरे नाही. बरीचशी कोणी डेकमध्ये घेतही नाही. जे डोईजड होते, त्याच्यावर डिजिटल खेळात इलाज असतो. छापलेले कार्ड घरी जाऊन खोडता येत नाही, फार तर स्पर्धेत बंदी घालता येते. पॅचेसचा ‘चार्ज’ मात्र फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वांच्या संग्रहातून एकदम काढून घेतला गेला. अशा वेळी कार्ड मोडणाऱ्याला ठरावीक मुदतीत त्याचे पूर्ण मोल ‘डस्ट’ या खेळातल्याच चलनात मिळते; लेजंडरीचे १६००, एरवी ४००.

चार्ज गेल्यावरही पॅचेस फुकटात येतच होता, पण वार करायला त्याला एक पाळी थांबावे लागे आणि तेवढ्यात समोरचा त्याला उडवू शके. पायरेटांचा धाक ओसरला, तशी त्या खेकड्याची गरजही कमी झाली आणि त्या जागी दुसरे काय घ्यावे, हा हिशेब पुन्हा सुरू झाला.