लेखणी अडते तेव्हा

विषय मनात असतो, पुढे कागद असतो, हाती लेखणी असते. आणि तरीही पहिले वाक्य उतरत नाही. निबंध असो वा वडिलांच्या आठवणी मुलांसाठी लिहून ठेवण्याचा संकल्प असो, लिहू पाहणाऱ्यास हा अनुभव येतोच. अशा वेळी मनुष्य म्हणतो, 'सुचत नाही.' परंतु किंचित अंतर्मुख होऊन पाहिले म्हणजे पुष्कळदा निराळेच कारण आढळते. मन कागद सोडून फळाकडे गेलेले असते. हे लोकांस रुचेल काय? विद्वान दोष काढतील काय? जे वाक्य अजून लिहिलेच नाही, त्याचा निवाडा मन आधीच मागू लागते आणि हात थांबतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी मनुष्याचा अधिकार कर्मापुरताच सांगितला आहे, फळावर नव्हे. लेखन हेही कर्मच होय. वाक्य लिहिणे लेखकाच्या हाती आहे; त्याची कीर्ती होणे त्याच्या हाती नाही.

या उपदेशाचे उदाहरण खुद्द 'गीतारहस्या'च्या लेखनातच सापडते. लोकमान्य टिळकांनी 1872 साली वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना गीतेवरील टीका वाचून दाखविली, तेव्हापासून गीतेचा विचार त्यांच्या मनात घर करून होता. 1902 साली नागपुरास त्यांनी या विषयावर व्याख्यानही दिले; पण सार्वजनिक कार्याच्या व्यापात ग्रंथ लिहून होत नव्हता. तो झाला मंडालेच्या तुरुंगात, 1910-11 च्या हिवाळ्यात. घरापासून दूर, प्रकृती मधुमेहाने पोखरलेली, हाती केवळ शिसपेन्सिल. लिहिलेले कधी छापले जाईल याची शाश्वती नव्हती. सरकारच्या ताब्यात गेलेल्या वह्या सुटकेनंतरही लगेच परत मिळाल्या नाहीत. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो 1915 साली. फळ असे अनिश्चित असतानाही अवघ्या काही महिन्यांत खर्डा पुरा झाला. उणे-अधिक मागाहून दुरुस्त करता आले. अगोदर खर्डा, मग संस्कार, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

गृहस्थाला तुरुंगातील एकांत नको आणि तो लाभणारही नाही. त्याला प्रपंचातूनच अर्धा तास काढावयाचा आहे. त्याने स्थळ व वेळ ठरवावी, एकच पान हे त्या दिवसाचे कर्तव्य मानावे आणि लिहिताना खोडाखोड करू नये. शोधनासाठी दुसरा दिवस आहे. मन बाजारात, कचेरीत, उद्याच्या काळजीत धावेल. त्यावर रागावू नये. सहाव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे ते जेथे जेथे जाईल तेथून त्याला हळूच परत आणावे व अर्धे राहिलेले वाक्य पुरे करावे. हाच अभ्यास. आणि ते वाक्य थोर ठरलेच पाहिजे, हा हट्ट सोडणे हेच वैराग्य. चंचल मन आवरण्याची हीच दोन साधने अर्जुनालाही सांगितली गेली.

एखाद्या दिवशी पान साधारणच उतरेल. तेही ईश्वरास अर्पण करून वही मिटावी. ज्या मुलांसाठी आजोबांच्या आठवणी लिहावयाच्या आहेत, त्यांना उद्या ते साधे पानच हाती लागेल. मनात राहिलेला उत्तम ग्रंथ मात्र लेखकाबरोबरच जाईल.