आधी ब्रेक, मग पिकअप

भूगाव-भुकूमच्या पट्ट्यात फार्महाउस आणि रिसॉर्ट वाढले, तशा छोट्या एटीव्हीही वाढल्या. 50, 110, 125 सीसीच्या, जाड टायरच्या चारचाकी. पोरं त्या पावसाळ्यात चिखलात आणि उन्हाळ्यात मुरुमावर मनसोक्त पळवतात, आणि वर्ष सरायच्या आत कंटाळतात. मग गाडी 'छोटा हत्ती' टेम्पोत चढवून माझ्या शेडवर येते. मालकाची मागणी ठरलेली असते : "अण्णा, पिकअपच नाही हो. जरा पळेल अशी करून द्या."

करून देतो. पण कामाला सुरुवात कुठून करायची, यावरून माझं आणि गिऱ्हाइकाचं वाजतं. त्यांना इंजिनापासून हवी असते आणि मी चाकांपाशी बसतो.

याचं कारण पाहायचं तर पौडकडच्या एका फार्महाउसवरून आलेली 110 पाहा. तिच्यावर आधीच कुठेतरी 'काम' झालेलं होतं. एअरबॉक्स काढून उघडा फिल्टर बसवलेला, सायलेन्सरच्या तोंडातली अडसराची रिंग कापून टाकलेली, ठिणगी सांभाळणारा सीडीआय रेसिंगचा. कार्बोरेटरचा जेट मात्र कंपनीचाच. गाडी महिनाभर सुसाट पळाली आणि एका चढावर खाडकन बंद पडली. प्लग काढला तर टोक पांढरंफटक, आणि त्यावर बारीक चकचकीत ठिपके. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. हेड खोललं, तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्वच्या बाजूची पिस्टनची कड वितळून खाली ओघळलेली दिसली. सिलिंडरवर उभे ओरखडे, आणि आत फिल्टरने न अडवलेली मुरुमाची धूळ.

झालं होतं ते सरळ आहे. हवा आत यायला मोकळी, धूर बाहेर जायला मोकळा, पण पेट्रोल तेवढंच. मिश्रण पातळ झालं की ज्वलनाची उष्णता वाढते. पेट्रोलच्या फवाऱ्याने जो थोडा गारवा मिळतो, तोही कमी होतो. वर रेसिंग सीडीआयने इंजिनाची फिरण्याची मर्यादा काढून टाकलेली. हवेवर थंड होणाऱ्या एवढ्याशा इंजिनाला हे झेपत नाही.

इंजिनाचं दुखणं पैशांनी भरून निघतं. खरी काळजी इंजिनाबाहेरची. या गाड्या ताशी 40-50 किलोमीटरपर्यंत पळू शकतात, पण मुलांसाठी म्हणून थ्रॉटलच्या स्क्रूने आणि त्या रिंगने 20-25 वर रोखलेल्या असतात. ब्रेकही बेताचे, पुढे छोटे ड्रम आणि मागे अख्ख्या ॲक्सलला मिळून एकच डिस्क. वेग 25 वरून 45 झाला की थांबवायची ऊर्जा तिपटीहून जास्त होते. ब्रेक मात्र तेच राहतात. आमच्या भूगावात 2017 ची महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हापासून इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे, की नुसत्या मांड्या कमावून पैलवान होत नाही, मान कमकुवत राहिली की समोरचा तिथूनच चीत करतो. एटीव्हीची मान म्हणजे ब्रेक, टायरॉड आणि बेअरिंग.

मागचा ॲक्सल अखंड असतो, हेही बहुतेकांना ठाऊक नसतं. डिफरन्शिअल नाही, त्यामुळे वळताना आतल्या चाकाला थोडं घसरावंच लागतं. चालवणारा अंग आत झोकून त्याला मदत करतो. मोठे, पकडीचे टायर टाकले की चाक घसरायचं सोडून जमिनीला चिकटतं आणि वेगात वळताना गाडी उलटू पाहते. बापाच्या मागे पोर बसलं असेल, तर अंग झोकायला जागाही उरत नाही. म्हणून एकाची सीट एकासाठीच.

कुणी गाडी कामाला लावायच्या आधी मी पुढचा क्रम सांगतो.

पहिलं, वय पाहा. अमेरिकेत तीनचाकी एटीव्हींच्या अपघातांनंतर 1988 मध्ये सरकार आणि कंपन्यांमध्ये समझोता झाला. नव्या तीनचाकींची विक्री थांबली आणि 12 वर्षांखालच्या मुलांना 70 सीसीपेक्षा, तर 16 वर्षांखालच्यांना 90 सीसीपेक्षा मोठी गाडी नको, असं ठरलं. आपल्याकडे 110 ची गाडी 'लहान मुलांची' म्हणून घरी येते. त्या वयाच्या मुलासाठी गाडीचा अडसर काढून द्यायला मी नाहीच म्हणतो.

दुसरं, हरवलेलं पिकअप आधी शोधा. टॅपेट तपासा. या होंडा घराण्याच्या इंजिनात फट साधारण 0.05 मिलिमीटर असते. चेन ताठ आहे का, ब्रेक चिकटून राहतो का, फिल्टर चिखलाने बुजला आहे का, हे बघा. टायरची हवाही पाहा. या टायरना साधारण 3 ते 5 पीएसआय पुरते, नेमका आकडा टायरच्या बाजूवर असतो. पंपावरचा मुलगा सवयीने 25 भरतो. मग गाडी मुरुमावर उड्या मारते, चाक जागीच फिरतं आणि मालक म्हणतो, दम नाही. पुष्कळ गाड्या इथेच बऱ्या होऊन घरी जातात.

तिसरं, ब्रेक आणि स्टिअरिंग. लायनर आणि डिस्क पॅड नवे, टायरॉडच्या टोकाला खेळ नको, चाकाचं बेअरिंग हलता कामा नये. रुंदी वाढवायला स्पेसर घालायचे असतील, तर बेअरिंगवरचा ताण वाढणार हे धरून चाला. पाण्यातून किंवा भातखाचरातून काढलेल्या गाडीचे पुढचे ड्रम भिजतात, म्हणून बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबून सुकवा.

चौथं, गिअरिंग. चढावर दम हवा असेल, तर पुढच्या स्प्रॉकेटचे दाते 14 चे 13 करा. टॉप स्पीड थोडा कमी होतो आणि ओढ सुमारे 7-8 टक्के वाढते. खर्च किरकोळ, माल नाना पेठेत मिळतो. उलट 16 इंची टायरच्या जागी 18 इंची टाकले, तर ओढ सुमारे 11 टक्क्यांनी जाते. मोठ्या टायरची हौस आणि पिकअपची तक्रार एकाच गाडीत का सापडते, ते यावरून कळेल.

पाचवं, मग कार्बोरेटर. फिल्टर किंवा सायलेन्सर बदलला, तर मेन जेट त्याच दिवशी बदला. एका वेळी एकच बदल करा, पूर्ण थ्रॉटलवर थोडं चालवा, इंजिन तिथेच बंद करून प्लग बघा. बिस्किटी रंग ठीक, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे लगेच थांबा. फिल्टर फोमचा आणि तेल लावलेला ठेवा. बोअर वाढवणं सगळ्यात शेवटी.

आणि सहावं, फाटकाच्या आत. बंदिस्त आवारातच चालणाऱ्या खास वाहनाला मोटार वाहन कायद्याने 'मोटार वाहना'च्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे. फाटक ओलांडून पौड रस्त्याला लागलात, की नोंदणी नाही, विमा नाही, आणि शनिवार-रविवारी मुळशी-ताम्हिणीकडे धावणारी गर्दी अंगावर.

हे ऐकून कुणी म्हणतं, "अण्णा, इंजिनाला हात न लावता गाडी पळेल का?" त्यांना मी बाहा एसएईइंडियाचं सांगतो. 2007 पासूनची ही स्पर्धा पिथमपूरला भरत आली आहे आणि पुण्याच्या कॉलेजांची पोरंही तिथे स्वतः बनवलेल्या एटीव्ही घेऊन जातात. पेट्रोल गटात इंजिन सगळ्यांना एकच, 305 सीसी, 10 हॉर्सपॉवर, आणि त्यात फेरफार करायला मनाई. तरी कुणी पहिला येतो आणि कुणी अर्ध्यात बसतो. फरक पडतो वजनात, गिअरिंगमध्ये, सस्पेन्शनमध्ये आणि चालवणाऱ्यात. तेव्हा गॅरेजात जाल, तर "पळेल अशी करा" म्हणू नका. कुठे अडते, चढावर की सपाटीवर, चालवणार कोण आणि त्याचं वय काय, एवढं सांगा. आणि काम झाल्यावर पहिली फेरी तुम्ही मारा, पोराला द्यायच्या आधी.